साखर, डोळे आणि आपली कामे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण. मला आता लिहिता येत नाही, म्हणून चिटणीसबाईंनी ते उतरवून घेतले आणि मला दोनदा वाचून दाखवले.)



गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या दोघीजणी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ताई, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. एवढे सोसूनही तुम्ही हसतमुख कशा राहता, ते सांगा." मी म्हटले, बोलेन, पण हसतमुख तर मी घरादाराला फसवत होते तेव्हाही होते. बोलायचेच तर त्या फसवण्याविषयी बोलेन. त्यांना ते फारसे रुचले नसावे, पण नाही म्हणणेही जमेना. तेव्हा आता तुम्हाला ऐकून घेणे भाग आहे.

मला मधुमेह निघाला त्याला बावीस वर्षे झाली. तेव्हा मी डोंबिवलीच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. गोळी घ्यायची, चहात साखर घालायची नाही, सहा महिन्यांनी रक्त तपासायचे, एवढे मी करत असे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हे आले की पथ्य बाजूला ठेवायचे, हेही करत असे. डोळ्यांविषयी मला कोणी काही सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही.

अकराव्या-बाराव्या वर्षी केव्हातरी सुईत दोरा जाईना. मग मी नातीला म्हणू लागले, "तुझे डोळे तीक्ष्ण, तू ओवून दे." तांदूळ निवडताना खडे राहू लागले, एकदा ऐन पंगतीत जावईबापूंच्या दाताखाली खडा आला आणि मी वाण्याला नावे ठेवली. पोथी तोंडपाठ होती, त्यामुळे अंदाजाने पान उलटले तरी चालत असे. कल्याण स्टेशनवर इंडिकेटर दिसत नसे, तेव्हा शेजारच्या मुलीला विचारायचे, "ही फास्टच ना ग? माझा चष्मा घरी राहिला." तो चष्मा माझ्या नाकावर असे! तीन वर्षांत मी तीनदा चष्मा बदलला. आणि मनाची समजूत घातली की वय झाले.

एवढे का लपवले? त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे, कारण माझी खात्री आहे की आज या सभागृहात बसलेल्या काहीजणी त्याच कारणासाठी आत्ता काहीतरी लपवत आहेत.

माझ्या सासूबाईंना शेवटी शेवटी दिसेनासे झाले होते. कामाला त्या फार हुशार. सांडग्या-पापडांपासून सगळे त्यांच्या हाताखाली चाले. एकदा त्यांचे बोट विळीवर कापले. मी धावत जाऊन विळी काढून घेतली आणि म्हटले, "आई, आता तुम्ही बसा. इतकी वर्षे केलेत, आता आराम करा." मग हळूहळू दूध तापवणे काढून घेतले, मग देवपूजा, कारण निरांजनाने पदर पेटेल ही भीती. शेवटी कपाटाच्या किल्ल्याही गेल्या. त्यांना खिडकीजवळ एक चांगली खुर्ची दिली. त्या खुर्चीत त्या सहा वर्षे बसून होत्या. आम्ही त्यांना काही कमी पडू दिले नाही, असे सगळे म्हणत. मीही म्हणत असे. पण माझे अक्षर मला अंधुक दिसू लागले, त्या दिवशी मला पहिल्यांदा ती खुर्ची आठवली. घरात कळले की मलाही त्या खुर्चीत बसवतील, म्हणून मी लपवले.

पुढे एके सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. मला वाटले, केस आला असेल. पदराने डोळा पुसला, पाण्याने धुतला. धागे वाढत गेले आणि दुपारपर्यंत तांबूस-काळा पडदा खाली आला. तेव्हा मात्र मुलाला हाक मारली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "आजी, डोळ्याचा पडदा यापूर्वी केव्हा तपासला होता?" मी गप्प राहिले. उजव्या डोळ्याच्या पोकळीत रक्त उतरले होते. शस्त्रक्रियेने रक्त काढले, पण पडद्याचा मधला भाग आधीच बिघडलेला होता. त्या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढेच कळते. डावाही त्याच वाटेवर होता. त्याला वेळेवर लेसर झाले, म्हणून तुमच्या चेहऱ्यांच्या जागी चेहरे आहेत एवढे मला इथून दिसते आहे. नाकडोळे दिसत नाहीत. कोण जांभया देते आहे तेही दिसत नाही, हा फायदा.

हे असे का होते, ते डॉक्टरांनी मला समजावले तसे सांगते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. आपण पाहतो त्याचे चित्र त्यावर उमटते. त्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या नळ्यांच्या भिंती कमकुवत होतात, पाझरू लागतात, काही बंद पडतात. मग रक्त कमी पडलेला पडदा नव्या नळ्या वाढवून घेतो. पण त्या इतक्या कच्च्या की केव्हाही फुटाव्यात. यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की बराच काळ काही दुखत नाही, खुपत नाही आणि दिसतेही नीट. भिंतीच्या आत पाणी मुरत असते आणि बाहेरचा रंग शाबूत असतो, तसे. आपल्याला कळते तेव्हा पोपडे पडू लागलेले असतात.

आणि ही काही मूठभर लोकांची गोष्ट नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी जवळजवळ १७ टक्के लोकांच्या पडद्यावर त्याचा परिणाम आढळला. म्हणजे सहांत एक. आता आपापल्या रांगेत किती जणींना साखर आहे ते मोजा. "मी तर बारीक, मला कशाला साखर होईल" असे म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत सांगते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! वरून बारीक दिसणारे आपण आतून तसे असतोच असे नाही.

तेव्हा पहिली गोष्ट. ज्या दिवशी साखर निघाली त्याच सुमारास डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण प्रौढपणी होणारा मधुमेह कळण्याआधी काही वर्षे अंगात असू शकतो. पुढे दर वर्षी. डॉक्टरांनी लवकर बोलावले तर लवकर. एखाद्या मुलीला आधीपासून मधुमेह असेल आणि दिवस राहिले, तर पहिल्या तीन महिन्यांतच तपासावे. चष्म्याच्या दुकानात अक्षरे वाचून घेतात ती ही तपासणी नव्हे. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आत पाहतात. दुखत नाही, पण पुढे काही तास अंधुक दिसते आणि ऊन सोसत नाही. म्हणून एकटीने जाऊन गर्दीच्या लोकलने परत येऊ नये. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, ही आपल्या आसपासची सरकारी आणि पालिकेची रुग्णालये. पडद्याची तपासणी कोठे आणि कोणत्या वारी होते, ते आधी विचारून जावे, हेलपाटा वाचतो.

लेसरला घाबरू नका. त्याने गेलेली नजर परत येत नाही, असलेली राखता येते. अमेरिकेत १९७६ साली निष्कर्ष निघालेल्या मोठ्या अभ्यासात लेसरने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून खाली आला होता. पडद्याला सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून अंगावर काटा येतो खरा. मीही पहिल्या वेळी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. डोळा आधी बधिर करतात, आणि दाढ काढण्यापेक्षा ते बरे. साखरेइतकाच रक्तदाबही सांभाळावा लागतो, हे मात्र पुष्कळ जणींना ठाऊक नसते. आणखी एक: साखर खालीवर होत असली की डोळ्याचे भिंगच फुगते-उतरते आणि नंबर बदलल्यासारखा वाटतो. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये. माझ्या तीन चष्म्यांचे पैसे असे गेले.

आता ज्यांची नजर माझ्यासारखी गेलीच आहे त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या सुनांविषयी.

घरी कळल्यावर झाले अगदी ठरल्याप्रमाणे. सूनबाई माझी गुणी. तिने माझ्या हातातली कढई घेतली आणि म्हणाली, "आई, आता तुम्ही बसा." तेच शब्द! मी तिला म्हटले, "मुली, हे मीही एकदा म्हटले होते. खुर्ची नको, रबरबँड आण." तिला वाटले, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिने आणले.

साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन, चहाला काही नाही. तिखटाला खूण लागत नाही, नाक पुरते. पांढरे तांदूळ काळ्या ताटात आणि उडीद-मूग पांढऱ्या ताटात निवडायचे. उरलेली नजर अशी पुरवून वापरता येते. पेला भरताना बोट काठाच्या आत धरावे, पण हे गार पाण्याचे. चहा मी ओट्यावर वाटी ठेवून डावाने मोजून ओतते. मोहरी तडतडते, कांदा वासाने कळतो, पुरी फुगली की तेलाचा आवाज बदलतो. तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईचे कान आणि नाक तिला वाटते त्याहून पुष्कळ शिकलेले असतात. पदर मात्र घट्ट खोचायचा, आणि वस्तू जिथल्या तिथे. माझ्या घरात डबा हलवणाऱ्याला शिक्षा आहे: त्याने त्या दिवशी भांडी लावायची.

बाजारात मी स्वतः पैसे देते. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावाच्या तिरक्या रेघा आहेत. शंभराला चार, पाचशेला पाच. दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन ठिपके. शंभरावर त्रिकोणाची आणि पाचशेवर गोल अशी उठावाची खूणही आहे. नोट जुनी झाली की उठाव झिजतो, मग लांबी पाहायची: शंभरची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर. वीस रुपयांच्या नाण्याला बारा कडा आहेत. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२० च्या जानेवारीत 'मणी' नावाचे ॲप काढले. फोन नोटेवर धरला की तो किंमत बोलतो. फोनचे म्हणाल तर तुमच्या आमच्या साध्या फोनमध्येही पडद्यावरचे वाचून दाखवण्याची सोय असते. अँड्रॉइडवर तिला 'टॉकबॅक' म्हणतात आणि ती मराठीही बोलते. मला ती शिकायला दोन महिने लागले आणि नातीला माझ्यावर चार वेळा रागवावे लागले. पहिलीच्या वर्गात मी किती जणांवर रागावले असेन, त्याची परतफेड झाली.

दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून नीट ऐका. इन्सुलिन बाटलीतून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: आपल्याकडे बाटल्या बहुधा ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. अंधुक नजरेला लाल आणि केशरी सारखेच. अदलाबदल झाली तर डोस अर्ध्याहूनही कमी, किंवा उलट अडीचपट पडतो. म्हणून घरात एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवाव्यात आणि दुसऱ्या कोणाला दाखवल्यावाचून टोचू नये. पेनाने घेणे सोयीचे. आकडा फिरवताना टिकटिक होते, तरी केवळ टिकटिक मोजून घ्यायचे की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट उपासाची. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन हरितालिकेला निर्जळी राहाल तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम येतो, हात कापतात, जीव घाबरा होतो. तेव्हा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. बाई बोलेनाशी झाली असेल तर तोंडात काही घालू नये, डॉक्टरांकडे न्यावे. मी पिशवीत साखरेची पुडी ठेवते. देवाला माझा उपास हवा असता तर त्याने मला मधुमेह दिला नसता, असे मी भटजींना सांगितले. ते हसले.

पायांचेही सांगायला हवे. जी साखर डोळा बिघडवते तीच पायाची संवेदना घालवते. अंगारकीला टिटवाळ्याला अनवाणी चालत जायचा माझा कित्येक वर्षांचा नेम होता. एकदा घरी आल्यावर सुनेला लादीवर रक्ताचे ठसे दिसले. काच रुतली होती, मला पत्ताच नव्हता. दिसतही नाही आणि कळतही नाही, अशी दोन्ही दारे बंद. आता रोज रात्री सूनबाई माझे तळवे पाहते, चप्पल घालण्याआधी मी हाताने आत चाचपते आणि तापलेल्या फरशीच्या देवळात जाड मोजे घालते. गणपतीने अजून हरकत घेतलेली नाही.

यापुढचे आजवर मी चारचौघांत बोलले नव्हते. नजर गेल्यानंतर काही महिन्यांनी मला भिंतीवर रांगोळ्या दिसू लागल्या. मग एके संध्याकाळी पलंगासमोर हिरव्या लुगड्यातल्या इवल्या बायका ओळीने बसलेल्या दिसल्या. आवाज नाही, काही नाही, नुसत्या बसलेल्या. मी चार महिने तोंड उघडले नाही. वाटले, वेड लागले, किंवा बाहेरचे काही आहे. घरात कळले तर गंडेदोरे सुरू होतील. अखेर धीर करून डॉक्टरांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "कितीजणी दिसतात?" त्यांनी सांगितले की नजर गेलेल्या पुष्कळ लोकांना असे दिसते, डोळ्याकडून चित्र येईनासे झाले की मेंदू आपल्या पदरची चित्रे काढून जागा भरतो. शार्ल बोने नावाच्या स्विस विद्वानाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवले आहे. त्यावरूनच त्याला नाव पडले. मन शाबूत असते, आणि बहुतेकांचे काही काळाने कमी होते. आवाजही ऐकू येऊ लागले किंवा माणसे ओळखू येईनाशी झाली तर मात्र ते वेगळे. डॉक्टरांना लगेच सांगावे. तुमच्या घरातली म्हातारी कोणाशी तरी बोलल्यासारखे करत असेल, तर अंगारा लावण्याआधी तिला विचारा, "काय दिसते?" माझ्या बायका हल्ली क्वचितच येतात. खरे सांगायचे तर थोडी चुकल्यासारखी वाटते.

आपल्या शेजारच्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटीलचे नाव तुम्ही ऐकले असेल. लहानपणीच नजर गेली; दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकली. २०१६ साली लागलेल्या लोकसेवा परीक्षेच्या निकालात ती ७७३वी आली, रेल्वेच्या हिशेब खात्याची सेवा मिळाली, पण दिसत नाही म्हणून नेमणूक नाकारली गेली. तिने पुन्हा परीक्षा दिली, १२४वी आली आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाली. मला तिचा अभिमान वाटतो. पण साठीत नजर गेलेल्या बाईसमोर कोणी तिचे उदाहरण ठेवले की मला राग येतो. ती कोवळ्या वयात ब्रेल शिकली. माझ्या बोटांना साखरेने बधिरपणा आला आहे, ब्रेलचे ठिपके मला लागत नाहीत. १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झालेले 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक मी मोठ्या हौसेने हातात घेतले होते, आणि परत ठेवले. मी कानाने वाचते. ज्याची त्याची वाट निराळी.

पांढरी काठी हातात घ्यायला मला आठ महिने लागले. लोक काय म्हणतील! वरळीच्या नॅबमध्ये, म्हणजे १९५२ साली स्थापन झालेल्या अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत, अशा गोष्टींची माहिती मिळते. तिथे विचारायला जाण्याचेही मी टाळत होते. पहिल्यांदा काठी घेऊन फडके रोडवरून गेले तेव्हा लोकांनी काय म्हटले ते सांगते. एक भाजीवाली म्हणाली, "मावशी, डावीकडे खड्डा हाय." बस्स, एवढेच. लोकलसाठी प्लॅटफॉर्मवर अपंगांच्या डब्याच्या जागी पुष्कळ स्टेशनांत टिकटिक आवाज येतो. त्याचा माग काढत जाते, आणि कोणी हात धरून ओढू लागले तर म्हणते, "तुमचा दंड द्या, मी धरते."

आता कामाचे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मंडळातल्या साखर असलेल्या बायकांनी डोळे तपासायला जायचे ठरले आहे. दोघीदोघींनी जायचे, एकीच्या डोळ्यात थेंब घालतील, दुसरीने तिला घरी पोचवायचे, आणि पुढच्या शनिवारी उलट. नावे चिटणीसबाईंकडे द्या किंवा माझ्याकडे. माझ्याकडे दिलीत तर लिहून घेणार नाही, पण विसरणारही नाही. पहिलीच्या वर्गाची हजेरी मी बिनवहीची घेत असे. लपवणाऱ्यांनी सभा संपल्यावर कोपऱ्यात येऊन सांगितले तरी चालेल.

चहा तयार आहे असा वास येतो आहे. बिनसाखरेच्या किटलीला रबरबँड आहे. तो मीच लावला आहे.